गळक्या पाइपावरचा हिरवा पाहुणा

तुम्ही राहता त्या इमारतीच्या मागच्या बाजूला पावसाळ्यात कधी गेलायत का? जिथं सांडपाण्याचे जाड पाइप वरच्या मजल्यापासून खालपर्यंत उतरतात ना, ती बाजू. तिथं सहसा कुणी फिरकत नाही. पण गेलात तर मान वर करून त्या पाइपांचे सांधे नीट बघा. जिथं सांधा गळत असेल, नेमकी तिथंच भिंतीच्या भेगेतून झालरीसारखी हिरवीगार पानं डोकावताना दिसतील. कुणी ती लावलेली नाहीत. कुणी त्यांना खत घातलेलं नाही. उलट सोसायटीचे लोक रंगकामाच्या वेळी ती उपटून टाकतात, आणि पुढच्या पावसाळ्यात पाहुणे पुन्हा हजर!

हा पाहुणा म्हणजे नेचा. इंग्रजीतलं फर्न हे नाव तुम्ही ऐकलं असेल. भिंतीवर येणाऱ्या नेच्यांपैकी एकाचं शास्त्रीय नाव टेरिस व्हिट्टाटा. लांबट पान आणि त्याच्या दोन्ही बाजूंना शिडीच्या पायऱ्यांसारख्या पट्ट्या, अशी त्याची ठेवण. चुन्याचा त्याला भारी सोस, म्हणून जुन्या वाड्यांच्या, पुलांच्या आणि विहिरींच्या भिंतींवर तो हमखास सापडतो. २००१ साली शास्त्रज्ञांनी त्याच्याबद्दल एक अजब गोष्ट जाहीर केली. जमिनीत मुरलेलं अर्सेनिक नावाचं विष हा नेचा मुळांनी ओढून घेतो आणि आपल्या पानांत साठवतो, तरी स्वतः ठणठणीत राहतो! तेव्हा भिंतीवरचा नेचा बघायचा, हात लावायचा, पण तोंडात मात्र घालायचा नाही, बरं का.

आता तुम्ही म्हणाल, भिंतीवर फुकट येणाऱ्या झाडाचं एवढं कौतुक कशाला? सांगते.

आमच्या हडपसरमध्ये शेती होती. अगदी भरपूर. मुठेचा कालवा गावातून जातो, त्या पाण्यावर भाजीपाला पिकायचा आणि पुण्याच्या मंडईत जायचा. आज त्याच जमिनीवर उंच इमारती आहेत. मगरपट्टा सिटी तर तिथल्या शेतकरी कुटुंबांनीच एकत्र येऊन आपल्या जमिनीवर वसवली. माझ्या वर्गातल्या कितीतरी मुलांच्या आजोबांनी मळ्यात दारं धरलेली आहेत, आणि नातवंडांच्या वाट्याला आलीय चार फूट रुंद गॅलरी. त्यातही एका कोपऱ्यात वॉशिंग मशीन, दुसऱ्या कोपऱ्यात मोडकी सायकल. ऊन येतं ते सकाळी तासभर, नाहीतर थेट दुपारी डोळे दिपवणारं. अशा जागी गुलाब लावला की तो रुसतो. टोमॅटो लावला तर नुसताच उंच वाढतो. नेचा मात्र सावलीतलाच प्राणी. (प्राणी म्हटलं म्हणून विज्ञानाच्या बाई रागावतील, पण राहू द्या!) उन्हाचा एक कवडसाही थेट अंगावर न पडता, नुसत्या उजेडावर जगणारं इतकं देखणं झाड दुसरं शोधून आणा पाहू.

आणि झाड मिळवायला लांब जायला नको. हडपसरहून सोलापूर रस्त्यानं मांजरी, लोणी काळभोर, उरुळी कांचनकडे निघालात की रस्त्याच्या कडेला नर्सऱ्याच नर्सऱ्या लागतात. हिरव्या जाळीच्या मांडवाखाली शेकडो रोपं ओळीनं उभी असतात. मे महिन्यात त्या मांडवात पाऊल टाकलं की एकदम गार वाटतं. गारव्याचं कारण नुसती सावली नाही. ओली जमीन आणि पानं हवेत सतत वाफ सोडत असतात, त्यानंही हवा थंड होते. माठातलं पाणी गार होतं ना, तीच युक्ती.

नर्सरीत गेलात की तिथल्या काकांना विचारून झालरीसारखा लोंबणारा बोस्टन फर्न बघा. पहिलं झाड म्हणून मी तोच सुचवीन. त्याची गोष्टही मजेदार आहे. १८९४ मध्ये अमेरिकेत फिलाडेल्फियाहून बोस्टनकडे नेच्यांची एक खेप चालली होती. त्यात एक रोप जरा वेगळं निघालं. बाकीच्यांची पानं ताठ उभी, आणि याची मात्र कमानीसारखी झुकलेली. बोस्टनच्या लोकांना ते आवडलं, त्याची रोपं केली, आणि आज जगभर टांगलेल्या कुंड्यांत दिसणारा हा नेचा त्या एका वेगळ्या रोपाचा वंशज आहे.

दुसरा नेचा हंसराज. काळ्या तारेसारखे चकचकीत देठ आणि त्यावर पंख्याच्या आकाराची नाजूक पानं. त्याचं शास्त्रीय नाव ॲडिअँटम. अर्थ काय माहीत आहे? न भिजणारा! त्याच्या पानावर पाण्याचा थेंब सोडून बघा, मोत्यासारखा घरंगळत जातो. आपल्या सह्याद्रीत या कुळातला एक नेचा तर चक्क चालतो. त्याचं पान लांब होऊन जमिनीला टेकतं, टोकाला मुळं फुटतात, नवं रोप तयार होतं, मग त्याचं पान पुढं टेकतं. एक एक पाऊल टाकत स्वारी निघाली पुढं! पण हंसराज नाजूक असतो. हवा कोरडी झाली की दोन दिवसांत पानं कुरकुरीत. बोस्टन फर्न एक वर्ष टिकवून दाखवलात की मग हंसराज आणा.

एक तोतयाही ओळखून ठेवा. नर्सरीत ॲस्परॅगस फर्न नावाचं मऊ, केसाळ झाड मिळतं. नाव फर्न असलं तरी तो नेचा नव्हेच! तो आपल्या शतावरीचा भाऊबंद. त्याला बारीक फुलं येतात, लहान फळं धरतात. आणि नेच्याला तर फुलं-फळं कधीच येत नाहीत.

इथंच आमच्या वर्गातल्या एका मुलानं हात वर केला होता. म्हणाला, "बाई, फूल नाही, फळ नाही, मग बी कुठून येतं?" बी येतच नाही. नेच्याचं मोठं झालेलं पान उलटून बघा. मागच्या बाजूला तपकिरी ठिपके दिसतील, कुणीतरी पट्टी लावून ओळीत काढल्यासारखे. अनेक घरांत हे ठिपके दिसले की गडबड उडते. कीड पडली म्हणून पानं कापतात, औषध मारतात. अहो, ती कीड नव्हे, तो नेच्याचा संसार आहे! कीड ओळखायची खूण सांगते. खवले कीड असेल तर ठिपके वेडेवाकडे, कुठंही, देठावरसुद्धा असतात, नखानं सुटे होतात आणि झाड चिकट लागतं. ठिपके ओळीत, सारख्या अंतरावर आणि फक्त पानाच्या पाठीवर असतील तर खुशाल राहू द्या.

त्या एका ठिपक्यात कितीतरी इवल्या डब्या असतात आणि बहुतेक नेच्यांच्या एकेका डबीत ६४ बीजाणू. धुळीच्या कणाएवढे. डबीच्या पाठीवर पेशींची एक कमान असते. हवा कोरडी झाली की ती कमान मागं मागं ताणली जाते, डबी फाटते, आणि मग ताणलेली गलोल सोडावी तशी कमान झटकन परत येते. बीजाणू फेकले गेले हवेत! वारा नेईल तिकडं त्यांचा प्रवास. तुमच्या इमारतीच्या चौथ्या मजल्याच्या पाइपापर्यंत ते असेच उडत पोचले.

पण मग सगळीकडं नेचेच नेचे का नाहीत? कारण बीजाणूतून एकदम नेचा उगवत नाही. आधी उगवतं नखाएवढं, बहुधा बदामाच्या आकाराचं हिरवं पातं. पत्त्यांतला बदाम, खायचा नव्हे! त्या पात्याच्या पोटाखाली नर आणि मादी पेशी तयार होतात. नर पेशींना मादी पेशीपर्यंत अक्षरशः पोहत जावं लागतं. पाण्याचा एक पातळसा थर असला तरी चालतो, पण तो हवाच. कोरडं पडलं की खेळ खलास. म्हणून नेचा कुठं उगवतो? जिथं सतत ओल आहे तिथं. धबधब्याशेजारी, विहिरीत, आणि प्लंबर न आलेल्या पाइपाखाली!

हे एकदा समजलं की नेच्याची कुंडी सांभाळण्याचे निम्मे नियम पाठ करावे लागत नाहीत. ओल हवी, पण चिखल नको. शेतातली काळी माती कुंडीत भरू नका. ती पाणी धरून चिकट होते आणि वाळली की दगडासारखी, भेगा पडतात, मुळं गुदमरतात. नर्सरीतली लाल माती, चांगलं कुजलेलं शेणखत किंवा पालापाचोळ्याचं खत, आणि नारळाच्या काथ्याचा भुसा म्हणजे कोकोपीट, असं साधारण समसमान घ्या. थोडी जाड वाळू मिसळा. कुंडीच्या तळाच्या भोकावर फुटक्या माठाची खापरी पालथी ठेवा, म्हणजे पाणी जाईल आणि माती राहील. भोक नसलेली शोभेची कुंडी घेऊ नका, कितीही सुंदर असली तरी. त्यापेक्षा भोकं पाडलेला तेलाचा डबा बरा.

पाणी रोज किती घालायचं, हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो. त्याला उत्तरच नाही! ओल्या श्रावणात आठवड्यातून दोनदा पुरेल आणि कडक उन्हाळ्यात दिवसातून दोनदाही कमी पडेल. घड्याळ बघून पाणी घालू नका, मातीत बोट घाला. पहिल्या पेरापर्यंत कोरडं लागलं तर पाणी, ओलं लागलं तर नाही. बोट हे फुकटचं यंत्र आहे, आणि ते कधी बिघडत नाही.

कुठलं पाणी, हेही महत्त्वाचं. आपल्या भागात बऱ्याच सोसायट्यांना टँकर आणि बोअरवेलवर भागवावं लागतं. ते पाणी क्षारांचं असतं. मातीच्या कुंडीवर बाहेरून पांढरी पुटं चढलेली बघितलीत ना, ते हेच क्षार. नेच्याला ते सोसत नाहीत, पानांची टोकं करपतात. पाणी शुद्ध करायच्या मशीनमधून जे फेकून द्यायचं पाणी निघतं, त्यात तर क्षार आणखीच जास्त असतात. ते फरशी पुसायला वापरा. नेच्याला तांदूळ, डाळ, भाजी धुतलेलं पाणी द्या. आईला आधी सांगून ठेवा म्हणजे ती ते मोरीत ओतणार नाही. मीठ घातलेलं मात्र नको. आणि पावसाळ्यात बादलीभर पावसाचं पाणी धरून झाकून ठेवलंत तर नेच्याची दिवाळीच. शहरात पाणीकपात सुरू झाली की लोक आधी कुंड्यांचं पाणी तोडतात. धुण्याचं हे पाणी वापरलं तर नेच्यासाठी नळ सोडावाच लागत नाही.

खरी परीक्षा एप्रिल-मे महिन्यांत. पुण्याचा पारा ३८-४० अंशांवर जातो, आणि उन्हापेक्षाही वाईट म्हणजे दुपारची कोरडी हवा. तेव्हा कुंड्या एकमेकींना चिकटून ठेवा, गर्दीत ओल टिकते. उत्तरेकडची किंवा पूर्वेकडची गॅलरी बरी. वाळत घातलेल्या ओल्या कपड्यांच्या मागं जागा असेल तर फारच छान. न्हाणीघराच्या खिडकीत उजेड येत असेल तर तीही जागा उत्तम. टोकं तपकिरी झालेली पानं कात्रीनं काढून टाका. सगळंच झाड वाळलं तरी लगेच फेकू नका. बोस्टन फर्नचा बुडखा जिवंत असेल तर पाणी मिळताच त्यातून पुन्हा कोंब फुटतात. हे कोंब बघायला विसरू नका! घड्याळाच्या स्प्रिंगसारखे, गोगलगाईच्या शंखासारखे गुंडाळलेले असतात आणि रोज थोडे थोडे उलगडतात. वहीत रोज एक चित्र काढलंत तर आठवड्याभरात सिनेमा तयार.

सुट्टीत गावाला जाणार असाल तर? पाण्यानं भरलेली बादली कुंडीपेक्षा जरा उंच ठेवा. जुन्या सुती साडीच्या किनारीची जाड वात करून तिचं एक टोक बादलीत बुडवा आणि दुसरं कुंडीतल्या मातीत खोल खोचा. समईची वात तेल ओढते तशी ही वात पाणी ओढते. निघायच्या आधी दोन दिवस करून बघा, म्हणजे बादली किती पुरते ते कळेल. बादली जुन्या कापडानं घट्ट झाकायला मात्र विसरू नका.

झाका असं का म्हटलं? डास! आता थोडं आईबाबांनीही वाचा. डेंग्यू पसरवणारा एडिस डास घाण गटारापेक्षा घरातल्या स्वच्छ, साठलेल्या पाण्यात अंडी घालतो, आणि कुंडीखालची ताटली ही त्याची लाडकी जागा. आठ-दहा दिवसांत अंड्याचा डास होतो. म्हणून आठवड्यातून एक दिवस कोरडा दिवस पाळायचा. पण ताटली नुसती ओतून भागत नाही, कारण अंडी तिच्या कडेला चिकटलेली असतात आणि कोरडी पडूनही महिनोन्‌महिने टिकतात. काथ्यानं घासून धुवा, उन्हात वाळवा. हे काम मुलांकडं सोपवायला हरकत नाही, मोठ्यांपेक्षा ती जास्त नियमानं करतात असा माझा अनुभव आहे.

दुसरं, गॅलरीच्या कठड्यावर सुटी कुंडी कधीही ठेवायची नाही. एका वादळी वाऱ्यात पाचव्या मजल्यावरून खाली येणारी पाच किलोची कुंडी काय करील, हे सांगायला नको. कुंडी कठड्याच्या आत, जमिनीवर. टांगायची असेल तर छताच्या पक्क्या हुकाला. आणि पाणी घालताना खालच्या मजल्यावरच्या काकूंचे वाळत घातलेले कपडे डोळ्यांसमोर आणा. बागेवरून होणारी निम्मी भांडणं याच कपड्यांपायी होतात!

घरात रांगतं बाळ असेल तर डिफनबेकिया नावाचं ठिपक्याठिपक्यांच्या मोठ्या पानांचं झाड आणू नका. त्याचं पान चावलं तर तोंड आणि घसा सुजतो. त्याऐवजी पानओवा लावा. फांदी खोचली की जगतो आणि पानांची भजीही होतात. ऊन येणारी गॅलरी असेल तर सकाळी उमलून दुपारी मिटणारं ऑफिस टाइम लावा. आणि हो, घरात दोन-चार कुंड्या ठेवल्या की हवा शुद्ध होते असं काही जण सांगतात. ती समजूत १९८९ च्या एका अमेरिकन प्रयोगावरून पसरली. तो प्रयोग लहानशा बंद पेटीत केलेला होता. २०१९ मध्ये अशा अनेक प्रयोगांचा हिशेब पुन्हा मांडला गेला तेव्हा दिसलं की, उघड्या खिडकीइतकी हवा शुद्ध व्हायला दर चौरस मीटरला किमान दहा कुंड्या तरी हव्यात, कदाचित शेकडो. मग बसायचं कुठं? झाड सुंदर दिसतं म्हणून लावा, तेवढं कारण पुरे.

बंद पेटीवरून एक गोष्ट आठवली. १८२९ साली लंडनमध्ये नॅथॅनियल वॉर्ड नावाचे डॉक्टर होते. त्यांना नेच्यांची हौस, पण शहरात कोळशाचा धूर इतका की अंगणात लावलेले नेचे मरून जात. एकदा त्यांनी पतंगाचा कोष बाटलीत ओलसर मातीवर ठेवून झाकण लावलं. पतंग कधी बाहेर येतो हे त्यांना बघायचं होतं. पण बघतात तर काय, मातीतून एक गवत आणि एक छोटा नेचा उगवलेला! दिवसा पाण्याची वाफ काचेवर जमे आणि थेंब होऊन परत मातीत पडे. बाहेरून पाणी न घालता ती झाडं तीन वर्षांहून अधिक जगली. मग वॉर्डसाहेबांनी काचेच्या पेट्या करून घेतल्या आणि १८३३ मध्ये त्यांत नेचे घालून जहाजानं ऑस्ट्रेलियाला पाठवले. खाऱ्या वाऱ्यातून कित्येक महिने प्रवास करूनही ते जिवंत पोचले. पुढं रॉबर्ट फॉर्च्यून यानं अशाच पेट्यांतून चीनमधली चहाची हजारो रोपं भारतात, हिमालयाच्या पायथ्याशी आणली. नेच्याच्या हौसेतून निघालेली बाटली चहाच्या कपापर्यंत अशी पोचली!

तुम्हीही लोणच्याच्या रिकाम्या बरणीत अशी बाग करू शकता. तळाशी खडे, वर कोळशाचे तुकडे, वर ओली माती, आणि एक छोटासा नेचा. झाकण लावा आणि उजेडात ठेवा, उन्हात नको, नाहीतर आत भाजी शिजेल.

फक्त तो नेचा आणायचा कुठून, हे आधी ठरवा. पावसाळ्यात आपण सहलीला घाटात जातो. तिथं कड्यांवर एक छान नेचा असतो, त्याच्या पानाची मागची बाजू पांढरीशुभ्र. पान हातावर दाबलं की पांढरी नक्षी उठते, मेंदीसारखी. मुलं हौसेनं मुळासकट उपटतात, पिशवीत घालतात, आणि घरी येईस्तोवर त्याची मान पडलेली असते. कड्यावरच्या भेगेत जगणारं झाड कुंडीत आणि हडपसरच्या हवेत बहुधा जगत नाही. नक्षी उठवायची तर गळून पडलेल्या पानाची उठवा, झाड तिथंच राहू द्या. नर्सरीतला नेचा वीस रोपांत वाढतो, कड्यावरचा गेला की तिथली जागा मोकळी.

आणि विकत आणण्यापेक्षाही गंमत हवी असेल तर नेचा पेरा! तपकिरी ठिपके आलेलं पान पांढऱ्या कागदावर, ठिपके खाली करून ठेवा आणि वर वही ठेवा. एक-दोन दिवसांत कागदावर पानाचीच नक्षी उमटेल, तपकिरी भुकटीची. ते बीजाणू. आता विटेचा एक तुकडा घ्या आणि मोठ्यांकडून त्यावर उकळतं पाणी ओतून घ्या, म्हणजे बुरशीसारखे शत्रू मरतील. गार झाला की ताटलीत ठेवा, ताटलीत बोटभर उकळून गार केलेलं पाणी घाला, आणि भुकटी विटेवर झटका. वर काचेची बरणी पालथी घाला. सावलीत ठेवा. बरणी उचलू नका, फक्त कडेनं पाणी घालत राहा.

पहिले काही आठवडे काहीच दिसणार नाही. घरातले विचारतील, ही वीट इथं कशाला? मग एक दिवस विटेवर हिरवी साय धरल्यासारखं दिसेल. भिंग लावून बघा. बदामच बदाम! आता विटेवर वरून पाण्याचे थोडे थेंब शिंपडा. पोहायला पाणी लागतं, आठवतंय ना? त्यानंतरही महिना-दोन महिने लागतील. जूनमध्ये पेरलंत तर दिवाळीच्या सुमारास नखाएवढा पहिला खरा नेचा विटेतून डोकं वर काढेल, आणि त्याचं ते पहिलं पान उघडताना दिसलं तर मला चित्र काढून जरूर पाठवा.